ब्रशचा जीव पत्र्याच्या नळीत

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर अमळनेरला माझ्या वहिनीच्या पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. माहेरी आलेल्या लेकी, त्यात लग्नसराई. यंदा गेले तेव्हा ती एका नवरीच्या गालावरून चिमट्याने एकेक केस वेचत होती. "ब्रशचे केस गयी ऱ्हायनात व माय!" आठ दिवसांपूर्वी बाजारातून आणलेला मेकअपच्या सहा ब्रशचा संच, दीडशे रुपयांचा. स्वस्त माल असाच असतो, असा तिने निकाल देऊन टाकला होता. मला तो पटेना.

काडी ओढून गळालेला एक केस ज्योतीजवळ धरला. तो वितळून टोकाला कडक मणी झाला, म्हणजे कृत्रिम धागा. तिच्या जुन्या महागड्या ब्रशचा केस मात्र चुरचुरला, जळक्या केसांचा तो ओळखीचा वास आला आणि चिमटीत राख उरली. हा बकरीचा. वास येतो केसातल्या केराटिन या प्रथिनामुळे, त्यात गंधक असतं.

उरलेले केस पुडीत बांधून शाळेत नेले. (प्रयोगशाळेची किल्ली सुट्टीतही माझ्याकडेच असते.) सूक्ष्मदर्शकाखाली बकरीच्या केसावर खवले दिसतात, छपरावर कौलं घालावीत तसे एकावर एक. पावडरचे कण त्यांच्या कडांना अडकतात, म्हणून कोरड्या पावडरला हा केस चांगला. पण तो पाणी आणि तेलही पितो. फाउंडेशन त्याने लावलं तर त्यातलं बरंचसं ब्रशच्याच पोटात जातं. कृत्रिम धागा काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत. पीत काही नाही, धुतला की लगेच स्वच्छ. म्हणजे क्रीम, फाउंडेशन, लिपस्टिक यांना स्वस्तातलाच ब्रश जास्त योग्य. 1938 मध्ये अमेरिकेत नायलॉन पहिल्यांदा बाजारात आलं, तेही दात घासायच्या ब्रशचे केस म्हणून. त्याआधी त्या कामाला डुकराचे केस असत.

मग स्वस्त ब्रश गालाला टोचतो का? त्याचं उत्तर जाडीत आहे. केसाची जाडी निम्मी केली की तो दुप्पट नव्हे, सोळापट सहज वाकतो. चांगल्या कृत्रिम धाग्याचं टोक सुईसारखं निमुळतं केलेलं असतं, म्हणून ते मऊ लागतं. स्वस्त संचात पुष्कळदा केस कात्रीने कापून ब्रशला गोलाई देतात. टोकं बोथट राहतात आणि तीच टोचतात. म्हणून ब्रश हाताच्या पंजावर नको, मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून बघावा. घरी कात्री लावून त्याला "आकार" तर मुळीच देऊ नये.

एक गोष्ट आपल्याकडे जास्त जाणवते. एप्रिल-मेच्या कोरड्या फुफाट्यात कृत्रिम केस गालावर घासले की त्यांच्यावर विद्युतभार साठतो. हवेत ओल नसल्याने तो लवकर निघून जात नाही. केस एकमेकांना ढकलून पिंजारतात आणि पावडर उडते. पावसाळ्यात तोच ब्रश शहाण्यासारखा वागतो.

आता गळतीकडे. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात, तसा ब्रशचा जीव केस आणि दांडा जोडणाऱ्या पत्र्याच्या नळीत. आत केसांची मुळं गोंदाने धरलेली असतात. वहिनी काय करायची, तर रात्री गरम साबणपाण्याच्या मगात ब्रश बुडवून ठेवायची आणि सकाळी केस वर करून गच्चीवर उन्हात उभे करायची. दाट केसांमधल्या बारीक फटींतून पाणी आपोआप आत ओढलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. गोंद सैल पडतो. लाकडी दांडा भिजून फुगतो, उन्हात आक्रसतो, आणि चार-पाच वेळा असं झालं की नळीच हलायला लागते. गोंद कमी घातलेला होता हे खरं, पण निम्मा दोष वहिनीचा. हे तिला सांगायला मी नवरी जाईपर्यंत थांबले.

शिवाय बोअरचं पाणी. शाळेत "दुष्फेन" म्हणून शिकवतो ते हेच. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करतं आणि तो केसांवर बसतो. शाम्पूचा असा साका होत नाही. म्हणून कोमट पाणी, शाम्पूचा थेंब, फक्त केसांची टोकं ओली करायची, बोटांनी पिळायचं. एका नवरीचा ब्रश न धुता दुसरीला लावू नये, डोळ्यांचा तर नाहीच.

नवा संच घ्यायला आम्ही दोघी गेलो. केस हलकेच ओढले, नळी पिरगाळून बघितली. पहिल्या दोन-तीन केसांचं काही नाही, ते बनवतानाच सुटे राहिलेले असतात. ओढत राहिलं तरी येतच राहिले तर ठेवून द्यावा. सहाच्या संचातले दोन ब्रश कधी वापरात येतच नाहीत, म्हणून सुटे चार घेतले: पावडरचा मोठा, फाउंडेशनचा दाट, डोळ्यांसाठी एक चपटा, एक विरळ.

आता पार्लरच्या खिडकीत, सावलीत, दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी चार ब्रश उलटे लटकतात. परवा एका म्हातारीने विचारलं, ही कसली वाळवणं?