सिंथेटिक की मिनरल? आधी गाडीचं पुस्तक उघडा

कच्च्या तेलापासून काढलेल्या मिनरल इंजिन ऑइलमध्ये नाना आकारांचे रेणू असतात. हलके तापल्यावर उडून जातात, मेणासारखे थंडीत गोठू लागतात, काहींचं ऑक्सिडीकरण होऊन चिकट गाळ साचतो. रासायनिक प्रक्रियेने घडवलेल्या सिंथेटिकमधले रेणू बरेचसे एकसारखे, म्हणून ते उष्णतेत जास्त टिकतं. मात्र ‘फुल्ली सिंथेटिक’ म्हणून विकलं जाणारं पुष्कळ ऑइल खनिज तेलावरच हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून बनतं. १९९९ साली अमेरिकेत कॅस्ट्रॉल आणि मोबिल यांच्यात यावरून वाद झाला, तेव्हा जाहिरातींच्या तक्रारी पाहणाऱ्या मंडळाने असं ऑइल सिंथेटिक म्हणून विकणाऱ्या कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला.

डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० अशा ग्रेडमधला पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा. ५डब्ल्यूची कसोटी उणे ३० अंशांवर लागते, १५डब्ल्यूची उणे २० वर. मुंबई-पुण्याच्या हवेत या फरकाचं महत्त्व कमीच. आपल्याकडे खरा प्रश्न उष्णतेचा.

टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, असलेली पेट्रोल गाडी घ्या. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याच्या बेअरिंगला वंगण मिळतं ते इंजिन ऑइलचंच. घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद केलं, की ऑइलचा प्रवाह थांबतो आणि तिथे उरलेलं ऑइल तापून त्याचा कोळसा धरतो. इथे सिंथेटिकचे जादा पैसे वसूल होतात; अशा गाडीत काटकसर करूच नये.

बीएस-६ या प्रदूषण-नियमातल्या डिझेल गाडीचं पथ्य वेगळं. तिच्या धुराच्या नळीतल्या फिल्टरमधली काजळी जळून जाते, पण ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्ताची राख जळत नाही, ती तिथेच साठत जाते. त्यामुळे पुस्तकात कमी राखेचं, उदाहरणार्थ सी३ दर्जाचं, ऑइल सांगितलं असेल तर तेच घालायचं. दर्जा चुकला तर महागडं सिंथेटिकही नुकसान करतं.

टर्बो नसलेली जुनी पेट्रोल गाडी असेल आणि कंपनीने मिनरल चालेल म्हटलं असेल, तर माझं मत साफ आहे: मिनरल घाला आणि वेळेवर बदला. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ऑइल पुरेसं तापत नाही, त्यात पाणी आणि पेट्रोल मिसळत राहतं. तिथे किलोमीटर भरले नाहीत तरी ठरलेल्या महिन्यांनी ऑइल बदलावंच लागतं, मग ते कोणतंही असो.

प्रवासात डिपस्टिकवर (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवर) ऑइल खालच्या खुणेखाली दिसलं आणि नेहमीचं मिळालं नाही, तर त्याच ग्रेडचं दुसरं घाला. मिनरल आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळतात. ऑइल कमी असताना गाडी पुढे दामटणं जास्त धोक्याचं.