बंप स्टॉकवरची बंदी न्यायालयात का टिकली नाही

१४ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बंप स्टॉक या रायफलला लावायच्या उपकरणावरची केंद्र सरकारची बंदी ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केली. बंदुकांचा खटला म्हटला की शस्त्र बाळगण्याचा घटनात्मक हक्क, दुसरी घटनादुरुस्ती, हे ओघाने येतेच. इथे मात्र तो मुद्दाच नव्हता. भांडण होते ते १९३४च्या कायद्यातल्या मशीनगनच्या व्याख्येचे: चापाच्या एकाच क्रियेत आपोआप एकाहून अधिक गोळ्या झाडणारे शस्त्र. ही व्याख्या फार महत्त्वाची, कारण १९८६ पासून सामान्य नागरिकाला नवी मशीनगन घेता येत नाही.

बंप स्टॉक म्हणजे रायफलचा सरकता दस्ता. गोळी सुटली की धक्क्याने रायफल मागे जाते, पुढच्या हाताच्या जोराने पुन्हा पुढे येते आणि जागच्या जागी धरलेल्या बोटावर चाप आदळतो. बोट हलवायची गरजच नाही. अशा उपकरणांचे करायचे काय, हे शस्त्रनियमन करणाऱ्या एटीएफ या केंद्रीय यंत्रणेलाही कधी नीट ठरवता आले नाही. स्प्रिंग असलेले एक उपकरण तिने आधी चालू दिले, २००६ मध्ये त्याला मशीनगन ठरवले. २०१० मध्ये बिनस्प्रिंगच्या बंप स्टॉकला मात्र हिरवा कंदील दाखवला.

मग १ ऑक्टोबर २०१७ची लास व्हेगासची रात्र आली. हॉटेलच्या ३२व्या मजल्यावरून एका माणसाने खालच्या संगीत महोत्सवावर हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. मृतांचा आकडा पुढे ६० वर गेला. त्याच्या रायफलींना बंप स्टॉक लावलेले होते.

माझ्या मते खरी चूक इथे झाली. सिनेटर डायॅन फाइनस्टाइन यांनी लगेच विधेयक आणले आणि बजावले, की कायदाच करा. नुसता नियम कोर्टात अडकेल. पण कायद्यासाठी मत द्यावे लागते, आणि मत नोंदले जाते. बंदूकधारकांची बलाढ्य संघटना एनआरएसुद्धा एटीएफनेच फेरविचार करावा म्हणाली, ते काही उगाच नाही. अखेर ट्रम्प प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये नियम काढून बंप स्टॉकला मशीनगन ठरवले. ज्यांच्याकडे तो होता त्यांनी २६ मार्च २०१९ पर्यंत तो मोडून टाकायचा किंवा जमा करायचा.

टेक्सासमधल्या ऑस्टिनचे बंदूक विक्रेते मायकेल कारगिल यांनी दोन जमा केले आणि दावा ठोकला. काही अपील न्यायालयांनी नियम उचलून धरला, पण टेक्सास ज्यात येते त्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये कारगिल यांच्या बाजूने कौल दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयात न्या. क्लॅरेन्स थॉमस यांनी निकालपत्रात चापाच्या यंत्रणेच्या आकृत्याच छापल्या: प्रत्येक गोळीमागे चाप पुन्हा सुटतो आणि दाबला जातो, म्हणजे क्रिया एक नव्हे. विरोधी मत लिहिणाऱ्या न्या. सोनिया सोटोमायोर यांचे म्हणणे, बंदूक चालवणारा एकदाच चाप ओढतो, म्हणून ती मशीनगनच. न्या. सॅम्युएल अलिटो बहुमतात राहिले, पण काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, कायदा बदलू शकते, असे त्यांनी वेगळे लिहून ठेवले.

चारच दिवसांनी डेमोक्रॅट पक्षाने सिनेटमध्ये बंदीचे विधेयक एकमताने संमत करून घेण्याचा प्रयत्न केला. एका रिपब्लिकन सिनेटरने हरकत घेतली आणि ते तिथेच थांबले. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क यांसारख्या राज्यांच्या स्वतःच्या बंदीला मात्र या निकालाने हात लावला नाही. ती राज्यांनी कायदा करून घातलेली आहे.