अख्ख्या ज्वारीची अननस घातलेली कोशिंबीर

आमच्याकडून ज्वारी नेणारे बहुतेक ग्राहक ती थेट गिरणीत देतात. भाकरीची जागा दुसरं काही घेऊ शकत नाही, हे आम्हीही मानतो. पण हाच दाणा न दळता शिजवला, तर पानाच्या डाव्या बाजूला एक पोटभरीचा, चवदार पदार्थ येतो. ज्यांच्या घरी घुगऱ्या होत, त्यांना शिजलेल्या ज्वारीची चव सांगायला नको. तिच्यात आंबटगोड अननस फार छान मिसळतो. मात्र ही कोशिंबीर वाढेपर्यंत कडू होते, असं अनेकजण कळवतात. दोष ज्वारीचा नाही आणि दह्याचाही नाही. त्याचं कारण पुढे दिलं आहे, ते कृपया वगळू नका.

आधी दाणा

पाकिटातली ज्वारी रब्बीची मालदांडी आहे. पाऊस सरताना पेरलेलं हे पीक काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढतं. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. दाणा टपोरा आणि टणक असतो, म्हणून भिजवणं टाळू नका.

1 वाटी ज्वारी निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन रात्री भिजत घाला. 8 ते 10 तास पुरतात. सकाळी ते पाणी टाकून द्या, 3 वाट्या ताजं पाणी आणि चिमूटभर मीठ घालून कुकरला लावा. मोठ्या आचेवर 5-6 शिट्ट्या झाल्या की आच मंद करून आणखी 15 मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. दाणा बोटांनी चेपला गेला आणि काही दाणे उकललेले दिसले की झालं. भातासारखी मऊ ती होणार नाही, दाताखाली लागायलाच हवी. जुन्या ज्वारीला दोन शिट्ट्या जास्त लागतात. चाळणीत निथळून ताटात पसरा आणि पूर्ण निवू द्या. निथळलेलं पाणी आमटीत वापरता येतं. 1 वाटीची शिजून साधारण अडीच वाट्या ज्वारी होते.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो: ज्वारीला मटकीसारखे मोड आणून ती कच्ची खाऊ नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारा घटक असतो. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना विषबाधा होते, हे शेतकऱ्यांना चांगलं माहीत आहे. उन्हाळ्यात दाणे फार वेळ भिजत राहिले तर कोंब डोकावू लागतात, म्हणून वेळ पाळा.

अननस आधी परता, मगच दह्यात घाला

कच्च्या अननसात ब्रोमेलिन नावाचं विकर असतं. ते प्रथिनं तोडतं. दह्यातली प्रथिनं तुटली की त्यांचे कडू लागणारे तुकडे तयार होतात आणि दहीही पातळ होतं. कोशिंबीर जितकी जास्त वेळ ठेवाल, तितकी जास्त कडू. उष्णतेने हे विकर निकामी होतं, त्यामुळे उपाय सोपा आहे.

1 वाटी अननसाच्या बारीक फोडी करा, मधला टणक दांडा काढून टाका. कढईत चमचाभर तूप घालून फोडी 5-7 मिनिटं परता. आतपर्यंत गरम व्हायला हव्यात आणि सुटलेला रस आटायला हवा. साखर घालू नका, परतल्यावर फळाचा गोडवा आपोआप वर येतो. डब्यातला अननस प्रक्रियेतच तापवलेला असल्यामुळे कडू होत नाही, पण तो बहुधा साखरेच्या पाकात असतो, म्हणून आम्ही ताजाच घ्यायला सांगतो.

आता 2 वाट्या निवलेली ज्वारी, थंड झालेला अननस, 1 वाटी घट्ट ताजं दही, 2 चमचे दाण्याचं कूट, 2 चमचे ओलं खोबरं, मीठ आणि कोथिंबीर एकत्र करा. वरून तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता आणि हिरव्या मिरचीची फोडणी द्या. मोहरी नीट तडतडू द्या, या पदार्थाचा अर्धा स्वाद तिच्यात आहे. दही नको असेल तर ते वगळा आणि मिरची थोडी वाढवा.

शेवटी अर्धं लिंबू पिळा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिनं, तितकेच तंतू आणि 4 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. धान्यातलं लोह शरीराला सहज मिळत नाही, ‘क’ जीवनसत्त्वाची जोड मिळाली की ते जास्त शोषलं जातं. अननस परतताना त्यातलं ‘क’ काही प्रमाणात कमी होतं, ती तूट लिंबू भरून काढतं. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर त्यातल्या टॅनिनमुळे लोह पुन्हा कमी शोषलं जातं, तेव्हा चहा तासाभराने घ्या.

ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे गहू न चालणाऱ्यांनाही ती चालते. फक्त हिंग तपासून घ्या, बाजारच्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. मधुमेह असणाऱ्यांनी अननस निम्मा करून काकडी वाढवावी.

उन्हाळ्यात अननसाऐवजी पिकलेल्या आंब्याच्या फोडी घाला. आंब्यात हे विकर नसतं, तो न परतता थेट दह्यात चालतो.

शिजलेली ज्वारी झाकून फ्रीजमध्ये 2-3 दिवस टिकते. रविवारी जास्तीची शिजवून ठेवा, डब्यासाठी रोज फक्त फळ आणि फोडणी करायची. पाकीट उघडल्यावर दाणे कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. अख्खा दाणा पिठापेक्षा पुष्कळ जास्त टिकतो, कारण दळल्यावर त्यातलं तेल हवेत उघडं पडून पीठ खवट होतं. म्हणून भाकरीसाठीही एका वेळी आठवड्यापुरतंच दळून आणा.