समाधी की स्मारक? आधी चपलांचं ठरवा

आमच्या ग्वाल्हेरच्या कॉलनीतल्या पार्कात शहीद जवानांसाठी एक कोपरा राखायचं ठरलं आणि पहिल्याच बैठकीत घोळ झाला. एक काका म्हणाले, "छोटीशी समाधी बांधू, वर छत्री, म्हणजे खांबांवरचा घुमट." मी विचारलं, "काका, समाधी कोणाची?" ते जरा थांबले. समाधी आणि स्मारक हे दोन्ही शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण बाग आखायला बसलं की फरक पायाखालीच येतो.

समाधीखाली कोणीतरी असतं. देह, अस्थी, निदान दहनाची जागा तरी. ग्वाल्हेरातलीच फूलबागेजवळची राणी लक्ष्मीबाईंची समाधी घ्या. जून १८५८ मध्ये कोटा की सरायच्या लढाईत राणी पडल्या आणि बाबा गंगादासांच्या मठाच्या आवारात त्यांना अग्नी दिला गेला. आज तिथे घोड्यावरचा पुतळा आहे, जूनमध्ये मेळा भरतो. पण पुतळा उद्या दुसऱ्या चौकात नेला तरी चालेल, ती जागा नेता येणार नाही. अशा ठिकाणी माणूस न सांगता चपला काढतो.

स्मारकाखाली कोणी नसतं. दिल्लीचं इंडिया गेट १९३१ साली पुरं झालं, त्यावर तेरा हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. ती बहुतेक वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. कमानीखाली त्यांची राखसुद्धा नाही. लंडनच्या 'सेनोटाफ' या युद्धस्मारकाला तर नावच ग्रीकमधून आलंय, अर्थ रिकामी कबर. मग स्मारकात उरतं काय? नाव. ते वाचता आलं नाही तर बाकी सगळा नुसता दगड.

छत्री या दोहोंच्या मधे लोंबकळते. ग्वाल्हेरचे महाराजा माधवराव शिंदे १९२५ साली पॅरिसला वारले, त्यांची छत्री शिवपुरीत. आकार समाधीचा, काम बरंचसं स्मारकाचं. काकांचा गोंधळ अगदीच बिनबुडाचा नव्हता!

पार्कात मात्र स्मारकच हवं, असं माझं ठाम मत. समाधी म्हटली की कठडा येतो, कठड्याला कुलूप येतं, आणि पोरांना "इकडे खेळू नका" सुरू होतं. ज्यांची नावं कोरायची तीही अशाच पार्कांत क्रिकेट खेळली असतील.

नावांची भिंत डोळ्यांच्या उंचीवर आणि बोट पोचेल अशी. आमच्याकडचा वालुकाश्म दिसायला देखणा, पण मऊ. बारीक अक्षरं पावसापाण्यात झिजतात. ग्रॅनाइट टिकतो, पण मे महिन्यात दुपारी काळ्या ग्रॅनाइटला हात लावून बघा, चटकाच बसेल. म्हणून भिंतीचं तोंड उत्तरेला आणि पश्चिमेच्या उन्हाला आडवा येणारा एक कडुनिंब. हुद्द्यांची उतरंड नको. शिपाई आणि मेजर एकाच मापाच्या अक्षरात.

पिंपळ अजिबात नको. मुळं चौथरा फोडतात हे एक, आणि वर्षभरात कोणी दोरा बांधतं, कोणी घरातली खंडित मूर्ती आणून ठेवतं. झाली समाधी! त्यापेक्षा पारिजातक लावावा. पावसाळा सरता सरता सकाळी फुलं आपोआप भिंतीपाशी सांडलेली असतात, माळ आणायला कोणी विसरलं तरी.

एका काकूंनी दिव्याचा आग्रह धरला. लावा की, बाजूला दगडी कट्टा ठेवू. समोर वीसेक माणसं उभी राहतील एवढी फरसबंदी, २६ जुलैला कारगिल विजय दिनी पुष्पचक्र वाहायला. एरवी तिथे पोरं सायकली फिरवतील, फिरवू देत. चपला पायातच.

आराखड्यात नावांच्या शेवटी एक पाटी कोरी ठेवायची असं लिहिलंय. ती केवढी ठेवायची, यावर मात्र बैठकीत कोणी बोलेना.