तुमचा खाजगीपणा दुसऱ्याच्या फोनमध्ये

मोबाइलवर काढलेला एखादा फोटो उघडा आणि त्याचा तपशील दाखवणारा पर्याय दाबा. तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, फोनचं मॉडेल, शटरचा वेग अशी यादीच समोर येते. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल, तर अक्षांश-रेखांशही मिळतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. दशांशचिन्हानंतर चार अंक दिले की जागा साधारण ११ मीटरपर्यंत नेमकी होते, पाच अंक दिले की जेमतेम एक मीटरपर्यंत. मोकळ्या आभाळाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतं, त्यामुळे घर कोणतं हे कळायला एवढं पुरतं. फाइलमध्ये दडलेल्या या नोंदीला एक्झिफ म्हणतात. बऱ्याच मोठ्या सोशल मीडिया सेवा फोटो लोकांना दाखवताना ती काढून टाकतात. पण तोच फोटो ईमेलने किंवा चॅटवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर मूळ फाइल नोंदीसकट पोहोचते.

कॅमेऱ्याची लोकेशन परवानगी बंद केली की पुढच्या फोटोंपुरता हा प्रश्न मिटतो. इतकं सोपं असल्यामुळेच आपली समजूत होते की खाजगीपणा म्हणजे योग्य ती बटणं बंद करणं. ही समजूत मला धोक्याची वाटते, कारण आपली ओळख एका जागी साठवलेली नसते. ती तुकड्यांत विखुरलेली असते आणि तुकडे जोडणारा कोणीही असू शकतो.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९९० च्या दशकातलं, म्हणजे सोशल मीडियाच्या आधीचं आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय नोंदी, नावं काढून पण जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड तसेच ठेवून, संशोधनासाठी खुल्या केल्या. नावं नाहीत म्हणजे काळजी नाही, असं राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना सांगितलं होतं. लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी २० डॉलरना, वेल्ड राहत होते त्या केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. वेल्ड यांची जन्मतारीख असलेले शहरात सहाच जण होते, त्यांपैकी पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या पिनकोडमधला एकच. गव्हर्नरांच्याच आजारपणाची नोंद हाती आली. पुढे स्वीनी यांनी हिशेब मांडला की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. नंतरच्या एका अभ्यासात हा आकडा ६३ टक्के निघाला, पण तोही थोडा नाही. आता विचार करा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, प्रोफाइलमधला फोटो आणि राहत्या भागाचा ग्रुप यांतून हे तिन्ही तुकडे आपण स्वतःच देऊन टाकतो.

जाण्या-येण्याचंही तेच. १५ लाख मोबाइलधारकांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की माणूस कोणत्या वेळी कुठे होता याचे फक्त चार बिंदू मिळाले, तर ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येतात. दोन-चार चेक-इन आणि एक स्टोरी, एवढ्यात चार बिंदू होतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. मैत्रिणींसोबतचा एक फोटो मी उत्साहाने टाकला. त्यात एकीच्या हातातली फाइल दिसत होती आणि फाइलवर रुग्णालयाचं नाव आणि विभाग वाचता येत होता. तिने आपले उपचार घरच्यांनाही अजून सांगितले नव्हते. तिचा निरोप येताच मी फोटो काढला, पण तेवढ्यात कोणीतरी स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्या ग्रुपमध्ये टाकला होता. तिचं स्वतःचं खातं कुलूपबंद होतं. तिची काहीच चूक नव्हती. कुलूप मी उघडलं होतं.

हे फक्त फोटोंपुरतं नाही. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात फेसबुकवरची व्यक्तिमत्त्व चाचणी सुमारे २.७ लाख लोकांनी घेतली. ८.७ कोटी लोकांपर्यंतची माहिती बाहेर गेली असावी, असं फेसबुकनेच २०१८ मध्ये सांगितलं. उरलेले बहुतेक सगळे चाचणी घेणाऱ्यांचे ‘फ्रेंड’ होते, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आजही एखादं ॲप कॉन्टॅक्टची परवानगी मागतं, तेव्हा ‘हो’ दाबून आपण आपला नंबर देत नाही, शेकडो दुसऱ्यांचे देतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १४ हजार ट्विटर वापरकर्त्यांच्या पोस्ट तपासल्या गेल्या. एखाद्याचं स्वतःचं लिखाण बाजूला ठेवलं तरी त्याच्या आठ-नऊ जवळच्या लोकांच्या लिखाणावरून तो पुढे काय लिहील याचा अंदाज जवळजवळ तितकाच चांगला बांधता आला. खातं बंद करून निघून गेलेल्या माणसाचीही सावली मित्रांच्या पोस्टमध्ये राहते, ती अशी.

एंड-टू-एंड एन्क्रिप्शनबद्दलही थोडं. ते फार मोलाचं आहे आणि असायलाच हवं. वाटेत संदेश कोणी वाचू शकत नाही, हे त्यातून साधतं. मात्र कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोललं याची नोंद उरू शकते, आणि संदेश ज्याच्या फोनवर पोहोचला त्याच्या बोटांना एन्क्रिप्शन आवरू शकत नाही. गायब होणारे संदेशसुद्धा दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यासमोर गायब होत नाहीत.

म्हणून सेटिंग तपासताना मी आता दुसऱ्यांपासून सुरुवात करते. गरज नसलेल्या ॲपला कॉन्टॅक्टची परवानगी देत नाही. प्रवासाचे फोटो परतल्यावर टाकते, कारण रिकाम्या घराची बातमी माझ्यासोबत निघालेल्यांच्याही घराची असते. फोटो टाकण्याआधी मोठा करून कडेकोपरे पाहते: पाटी, ओळखपत्र, मागच्या भिंतीवरचा कागद, गाडीचा नंबर.

मुलांच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही. एका कंपनीने इंटरनेटवरून तीनशे कोटींहून अधिक फोटो गोळा करून चेहरे ओळखणारी यंत्रणा उभी केल्याचं २०२० मध्ये उघड झालं. पासवर्ड बदलता येतो, चेहरा नाही. आज टाकलेला तान्ह्याचा फोटो वीस वर्षांनी कोणती यंत्रणा वाचेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही, आणि त्या बाळाला तर विचारताही येत नाही. थोड्या मोठ्या मुलाला येतं. माझ्या आठ वर्षांच्या भाचीसमोर मी फोन धरते, ती एकेक फोटो सरकवत जाते. परवा रडतानाच्या फोटोपाशी थांबली आणि म्हणाली, “मावशी, हा आपल्या दोघींतच ठेव.”