धावण्याचा प्रारंभ आणि अंतरवाढ

धावण्याची सवय नसलेल्या प्रौढ व्यक्तीने चालणे आणि धावणे यांच्या मिश्रणातून सुरुवात करून ५ किलोमीटर, १० किलोमीटर, अर्धमॅरॅथॉन (२१.०९७५ किलोमीटर) आणि मॅरॅथॉन (४२.१९५ किलोमीटर) अशा चढत्या अंतरांपर्यंत काही महिन्यांत किंवा वर्षांत पोहोचण्याची ही सरावपद्धती आहे. धावकांच्या रोजच्या बोलण्यात तिला ‘मायलेज वाढवणे’ म्हणतात. अंतर मात्र मैलांत नव्हे, किलोमीटरमध्येच मोजले जाते. वेगाने धावण्याच्या शिक्षणापेक्षा ही पद्धती वेगळी आहे. वेग हा तिचा फार तर उपफल असतो. मुख्य प्रश्न असतो तो न थांबता किंवा ठरवून थांबत किती दूर जाता येते, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येतो की नाही, हा.

या पद्धतीतील जवळपास प्रत्येक नियमाच्या मुळाशी शरीराची एक विसंगती आहे : दम लवकर तयार होतो, हाडे आणि कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) फार उशिरा. नियमित सराव सुरू केल्यावर रक्तद्रवाचे आकारमान पहिल्या काही दिवसांतच वाढू लागते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, आणि पुढील काही आठवड्यांत स्नायूंमधील केशवाहिन्यांचे जाळे दाट होऊन पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांची संख्या व कार्यक्षमता वाढते. त्यामुळे पहिल्या दिवशी दोन मिनिटांत धाप लागलेला माणूस दीड-दोन महिन्यांनी अर्धा तास सहज धावतो आणि आपण आता तयार झालो, असे समजतो. हाडाचे गणित मात्र वेगळे असते. ताण पडलेल्या जागी जुना भाग आधी झिजवला जातो आणि मग तेथे नवे हाड भरले जाते. या चक्रास तीन-चार महिने लागतात आणि मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा थोडी कच्चीच असते. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो, आणि नवशिक्याची एका किलोमीटरमध्ये हजाराहून अधिक पावले पडतात. दम साथ देत असताना नडगी मागे पडलेली असते, ती या कारणाने.

हा अनुभव जुना आहे. लांब संचलनानंतर सैनिकांच्या पावलांना येणाऱ्या सुजेचे आणि वेदनेचे वर्णन प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने १८५५ मध्ये केले होते. क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर त्या दुखण्यामागे हाडाची बारीक चीर असते, हे दिसून आले आणि ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव रूढ झाले. महाराष्ट्रात याचे आजचे रूप पोलीस भरतीच्या मैदानावर पाहायला मिळते. पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावण्याची चाचणी द्यावी लागत असल्याने जाहिरात निघाली की गावोगावचे तरुण पहाटे डांबरी रस्त्यावर उतरतात आणि पहिल्याच आठवड्यापासून रोज जिवाच्या आकांताने धावतात. ग्रामीण महाराष्ट्रात धावण्याची सुरुवात सर्वाधिक या मार्गानेच होत असावी, आणि नडगी धरून बसण्याचाही हाच हमखास मार्ग आहे.

इतिहास : १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमधील मॅरॅथॉन सुमारे ४० किलोमीटरची होती, ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ मध्ये ते प्रमाण मानले गेले. मराठी मुलखाचा या शर्यतीशी संबंध फार लवकर आला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहून दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरॅथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद अशी वेळ नोंदवून ते १९ वे आले. त्या वर्षीचे अंतर तर प्रमाण अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त होते. एवढी कामगिरी करणाऱ्या माणसाचे नाव आजच्या हौशी धावकांपैकी फार थोड्यांना माहीत असते.

सामान्य माणसाने प्रकृतीसाठी संथ धावावे, ही कल्पना मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड आपल्या खेळाडूंना, अगदी ८०० मीटरवाल्यांनाही, आठवड्याला १०० मैलांपर्यंत धावायला लावून आधी सहनशक्तीचा पाया भरून घेत आणि त्यावर वेग चढवीत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पीटर स्नेल यांनी ८०० मीटरचे आणि मरी हॅलबर्ग यांनी ५००० मीटरचे सुवर्णपदक मिळवल्यावर या रीतीकडे जगाचे लक्ष गेले. लिडियर्ड यांनी ऑकलंडमधील मध्यमवयीन लोकांनाही संथ धावण्यास प्रवृत्त केले होते. तो उपक्रम पाहून अमेरिकी प्रशिक्षक बिल बाउअरमन यांनी जॉगिंग ओरेगनमध्ये नेले आणि तेथून ते पसरले. चालणे-धावणे आलटून पालटून करण्याच्या रीतीचा प्रचार १९७० च्या दशकापासून जेफ गॅलोवे यांनी केला. जोश क्लार्क यांनी १९९६ मध्ये नऊ आठवड्यांचा ‘काउच टू फाइव्ह के’ हा आराखडा तयार केला. आज मोबाइलवरील बहुतेक नवशिक्यांची वेळापत्रके त्याच्याच वळणाची असतात.

महाराष्ट्रात पुणे आंतरराष्ट्रीय मॅरॅथॉन १९८३ मध्ये आणि मुंबई मॅरॅथॉन २००४ मध्ये सुरू झाली. विशेषतः मुंबईच्या शर्यतीनंतर नोकरदार, गृहिणी आणि निवृत्त लोक मोठ्या संख्येने या सरावाकडे वळले. पुढे साताऱ्यात यवतेश्वर घाटाच्या चढावर अर्धमॅरॅथॉन होऊ लागली आणि ‘हाफ’, ‘फुल’, ‘लाँग रन’, ‘पेस’ हे शब्द जिल्ह्याच्या गावांतही मराठी झाले.

प्रारंभीचे आठवडे : पहिल्या आठवड्याचा नेहमीचा पाठ असा असतो. पाच मिनिटे झपझप चालायचे. मग एक मिनिट धावायचे, दीड मिनिट चालायचे, असे वीस मिनिटे करायचे. शेवटी पुन्हा पाच मिनिटे चालून थांबायचे. आठवड्यातून हे तीनदा करायचे आणि दोन पाठांमध्ये निदान एक दिवस मोकळा ठेवायचा. ते एक मिनिट हास्यास्पद वाटण्याइतके सोपे वाटले पाहिजे, आणि नेमकी हीच गोष्ट नवशिक्याला पटत नाही. शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजली की सुसाट सुटायचे, एवढेच धावणे त्याला ठाऊक असते. त्यामुळे तो पहिल्या मिनिटात फुटतो, कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि ‘आपल्याला दमच नाही’ असा निष्कर्ष काढून घरी जातो. दम असतो, वेग चुकलेला असतो.

योग्य वेगाची सर्वांत भरवशाची कसोटी म्हणजे बोलणे. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले तर वेग बरोबर, दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जास्त. एकटे धावणाऱ्याने पाठ असलेला एखादा श्लोक किंवा अभंगाचा चरण म्हणून पाहावा. मनगटावरच्या घड्याळात दिसणारे हृदयगतीचे आकडे उपयोगी असले, तरी २२० मधून वय वजा करून काढलेली कमाल हृदयगती ही निव्वळ सरासरी असते आणि एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत दहा-पंधरा ठोक्यांनी सहज चुकू शकते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास किंवा पायऱ्या चढताना छातीत दुखण्याचा अनुभव असलेल्यांनी सुरुवातीपूर्वीच डॉक्टरांना दाखवावे.

पादत्राण पावलाला आरामशीर वाटणारे, बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असलेले हवे. लांब धावताना पाऊल थोडे फुगते, म्हणून बूट शक्यतो संध्याकाळी घालून पाहावा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळव्यातील फोम बसतो आणि बूट वरून नवा दिसत असला तरी आतून संपलेला असतो.

अंतरवाढ : अर्धा तास सलग धावता येऊ लागल्यावर आठवड्याची रचना बदलते. तीन किंवा चार दिवस धावणे, त्यांपैकी एक लांब पल्ला (महाराष्ट्रात तो बहुधा रविवारी पहाटे असतो) आणि बाकीचे दिवस आटोपशीर व संथ, अशी मांडणी रूढ आहे. लांब पल्ला हा आठवड्याच्या एकूण अंतराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असावा. आठवडाभर ऑफिसात बसून रविवारी एकदम १८ किलोमीटर काढणारे अनेक असतात. ते त्या दिवशी पोहोचतातही, पण बिल पुढच्या महिन्यात येते.

आठवड्यागणिक दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये, हा नियम सर्वतोमुखी आहे. त्याचा आधार मात्र समजला जातो तेवढा भक्कम नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे पाचशेहून अधिक नवशिक्या धावकांवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाने दहा टक्क्यांच्या बेताने १३ आठवडे, तर दुसऱ्याने अधिक वेगाने वाढणारा ८ आठवड्यांचा सराव केला; दोन्ही गटांत दुखापतींचे प्रमाण सुमारे २० टक्के इतके सारखेच निघाले. म्हणून दहा टक्क्यांकडे कायदा म्हणून न पाहता लगाम म्हणून पाहावे. अनेक अनुभवी प्रशिक्षक तीन आठवडे चढते अंतर देऊन चौथ्या आठवड्यात ते पाव ते एक तृतीयांश कमी करतात. मुंबईच्या जानेवारीतील शर्यतीसाठी सराव करणाऱ्यांच्या घरी दिवाळीच्या फराळाचा आठवडा आपोआपच हलका ठरतो आणि त्यात काही बिघडत नाही.

५ किलोमीटरवरून १० वर जाण्यास साधारण दोन महिने आणि तेथून अर्धमॅरॅथॉनपर्यंत आणखी तीन महिने धरले तर घाई होत नाही. पूर्ण मॅरॅथॉनचा प्रश्न वेगळा आहे, कारण तेथे इंधनाचे गणित आडवे येते. एक किलोमीटर धावण्यास वजनाच्या दर किलोग्रॅममागे साधारण एक किलोकॅलरी लागते. म्हणजे ६० किलोग्रॅमच्या व्यक्तीला पूर्ण अंतरासाठी सुमारे २५०० किलोकॅलरी हव्यात, तर स्नायू आणि यकृतातील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या कर्बोदकांचा, साठा २००० किलोकॅलरींच्या आसपास असतो. चरबीतून मिळणारी ऊर्जा अमाप असली तरी ती संथपणे सुटते. म्हणूनच वेगाने सुरुवात केलेल्याचे पाय ३० ते ३२ किलोमीटरच्या दरम्यान एकाएकी जड होतात, पोटरीत गोळे येतात आणि डोकेही नीट चालेनासे होते. लांब संथ पल्ल्यांमुळे शरीर चरबीवर अधिक भागवायला शिकते. सरावातील सर्वांत लांब धाव ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत नेऊन शर्यतीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर उतरवत आणण्याचा प्रघात आहे. दीड तासापुढच्या धावेत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. खजूर, केळे किंवा साखर-मिठाचे लिंबूसरबत हे काम धावकांसाठी पाकिटात मिळणाऱ्या गोड जेलइतकेच नीट करतात. शर्यतीत काय खायचे ते सरावात खाऊन पाहिलेले असावे.

हवामान आणि पाणी : कोकणपट्टीत उष्म्यापेक्षा दमटपणा अधिक छळतो, कारण घाम येतो पण वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. विदर्भात एप्रिल-मेमध्ये सूर्योदयानंतरचा सराव धोक्याचा असतो. नव्या उष्णतेला सरावण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर वेग मुद्दाम कमी ठेवावा. पावसाळ्यात काखा आणि मांड्या घासून सोलवटतात, त्यावर निघण्यापूर्वी व्हॅसलीन लावणे हाच उपाय. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. जबरदस्तीने पीत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरते : २००२ च्या बोस्टन मॅरॅथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांमध्ये ते कमी आढळले होते, आणि धावताना वजन वाढलेल्यांना हा धोका सर्वाधिक होता.

दुखापती : नडगीच्या आतल्या कडेने घोट्यापासून वर अंगठा दाबत न्यावा. चार-सहा बोटे लांब पट्ट्यात दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर दुखणे कमी होत असेल, तर ती बहुधा साधी नडगीदुखी असते आणि अंतर कमी केल्यावर ती ओसरते. एकाच बिंदूवर अंगठा टेकताच कळ येत असेल, धावताना ती वाढत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला चीर गेल्याची शक्यता धरून धावणे तेथेच थांबवावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अशी चीर साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, एमआरआय लागतो. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या भरवशावर पुन्हा पळू लागलेल्यांचे हंगाम असेच वाया जातात. सकाळी पलंगावरून उतरताच पहिल्या पावलाला टाच दुखणे हे तळव्याच्या पट्ट्यावर आलेल्या ताणाचे आणि जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे दुखणे हे मांडी व नितंबाचे स्नायू कमकुवत असल्याचे लक्षण असू शकते. आठवड्यातून दोनदा उठाबशा, पायरीवर उभे राहून टाचा उचलणे आणि एका पायावर तोल धरणे एवढा व्यायाम पुष्कळांना पुरतो.

अंतरवाढीचा क्रम सर्वांच्या बाबतीत एकाच दिशेने जात नाही. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर मुंबई मॅरॅथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे पहिल्या आल्या आणि नंतर ३००० मीटर स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीकडे) वळून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. तेथे त्या दहाव्या आल्या. हौशी धावकांतही अर्धमॅरॅथॉन हेच अंतर आयुष्यभर पुरवणारे आहेत, तसे दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीसाठी दरवर्षी महाराष्ट्रातून जाणारेही आहेत.

आजारपण, परीक्षा किंवा बदलीमुळे खंड पडल्यास आठवडाभराची सुट्टी हिशेबात धरण्याचे कारण नसते. महिनाभर थांबल्यास पूर्वीच्या निम्म्या अंतरापासून, आणि तीन महिन्यांहून अधिक खंड असल्यास पुन्हा चालणे-धावणे आलटून पालटून करण्यापासून सुरुवात करतात. ताप आला असेल, तर तो उतरून अंगातील कणकण पूर्ण जाईपर्यंत धावत नाहीत.