एन. पी. फान वैक लौ

निकोलास पेट्रस फान वैक लौ (११ जून १९०६ – १८ जून १९७०) : दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्स या डचमधून घडलेल्या भाषेचे कवी, नाटककार, निबंधकार आणि प्राध्यापक. आफ्रिकान्स कवितेत त्यांचे स्थान पहिल्या रांगेत आहे. परंतु आपल्याच लोकांना अडचणीत टाकणारे प्रश्न त्यांनी सर्वांत धीटपणे विचारले ते रंगभूमीवरून.

जन्म केप प्रांतातील सदर्लंड या गावी. कारू पठारावरच्या रोख्खेफेल्ड भागातले हे लहानसे गाव कडाक्याच्या थंडीसाठी आणि स्वच्छ आकाशासाठी प्रसिद्ध आहे. गावाजवळच्या डोंगरावर आज जी प्रचंड दुर्बीण उभी आहे, तिच्या भागीदारांत पुण्याची ‘आयुका’ ही संस्थाही आहे. वडील वकील होते. धाकटा भाऊ डब्ल्यू. ई. जी. लौ हाही पुढे नावाजलेला कवी झाला. १९२० मध्ये कुटुंब केपटाऊनला आले आणि तेथील विद्यापीठात लौ यांनी जर्मन व तत्त्वज्ञान या विषयांचा अभ्यास केला.

त्यांची भाषा त्यांच्याबरोबरच वाढत होती. ते आठ वर्षांचे असताना, १९१४ मध्ये, केप प्रांतातील शाळांच्या खालच्या वर्गांत आफ्रिकान्सला प्रवेश मिळाला. १९२५ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. संपूर्ण बायबल या भाषेत आले ते १९३३ मध्ये. घरात आणि शेतावर बोलली जाणारी ही भाषा गंभीर वाङ्मयाचे ओझे पेलू शकेल का, अशी शंका तेव्हा उघडपणे घेतली जाई. या शंकेला कृतीने उत्तर देणाऱ्या ‘डेर्टिखर्स’ म्हणजे तिशीच्या दशकातील कवींच्या पिढीचे लौ हे प्रमुख होत.

त्यांची अध्यापनाची वाट मोठी विलक्षण आहे. १९३० ते १९४९ ते केपटाऊन विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकवत. १९५० ते १९५८ अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेची भाषा, साहित्य आणि संस्कृती या विषयाचे प्राध्यापकपद भूषवले. तेथून परतल्यावर मृत्यूपर्यंत ते जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात आफ्रिकान्सचे प्राध्यापक होते. म्हणजे केपटाऊन आणि जोहान्सबर्गला भोवती इंग्रजी, तर अ‍ॅमस्टरडॅमला डच. या भाषेचा सर्वांत मोठा अध्यापक आफ्रिकान्स माध्यमाच्या विद्यापीठात कधी नोकरीला नव्हता. परक्या भाषेच्या शेजारात आपली भाषा तपासून पाहण्याची सवय त्यांना लागली, ती मला वाटते यामुळेच.

‘आलेनस्प्राक’ (१९३५) आणि ‘डी हाल्वे क्रिंग’ (१९३७) या संग्रहांनी त्यांचे नाव झाले. ‘राका’ (१९४१) या दीर्घकाव्यात एका वस्तीत अर्धा पशू, अर्धा माणूस असा राका शिरतो. त्याला अडवणारा कोकी एकटा पडतो आणि मारला जातो. बाकीच्यांना राकाची भुरळ पडलेली असते. हे संस्कृतीच्या ऱ्हासाचे रूपक मानायचे की त्यात वर्णद्वेषाची छाया आहे, यावर समीक्षकांत वाद आहे. ‘नूवे फेर्से’ (१९५४) निघाला तेव्हा ते अ‍ॅमस्टरडॅममध्ये होते. पण त्यातल्या ‘क्लिपवर्क’ या कवितामालेत ऐकू येतात ती कारूच्या शेतमळ्यांवरची नाचाची गाणी, तिथली उखाळीपाखाळी आणि तिथलीच बोली. ‘ट्रिस्टिया’ (१९६२) हा त्यांचा शेवटचा आणि सर्वांत अवघड संग्रह.

नाटककार म्हणून त्यांचा पहिला मोठा प्रयत्न १९३८ चा. बोअर म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांनी केप सोडून आतल्या प्रदेशात केलेल्या महास्थलांतराची ती शताब्दी होती. देशभर मिरवणुका निघत होत्या. त्या निमित्ताने लिहिलेल्या ‘डी डीपर रेख’ या पद्यनाट्यात लौ यांनी त्या पूर्वजांना न्यायासनासमोर उभे केले. निकाल त्यांच्या बाजूने लागतो, पण खटला चालतो हे महत्त्वाचे. पुढे ‘जर्मानिकस’ (१९५६) ही शोकांतिका आली. ऱ्हाईनकाठच्या बंडखोर रोमन सैन्याला आपला सेनापती जर्मानिकस सम्राट म्हणून हवा आहे. तो नकार देतो. सत्ता हाती घ्यावी तर हात बरबटतात, न घ्यावी तर ती सम्राट टायबेरियससारख्यांकडे राहते, आणि या पेचातच त्याचा अंत होतो. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या इतिहासावर आधारलेले हे नाटक आफ्रिकान्समधील सर्वश्रेष्ठ पद्यनाटकांत गणले जाते. याशिवाय ‘डीयास’ (१९५२) धरून त्यांनी रेडिओसाठी बरीच श्रुतिका-नाटके लिहिली.

खरा स्फोट झाला १९६६ मध्ये. प्रजासत्ताकाच्या पाचव्या वर्धापनदिनाच्या महोत्सवात त्यांचे ‘डी प्लैमसात वाय फेर’ (तुरेदार बी दूरवर उडते) हे नाटक रंगभूमीवर आले. विषय होता ब्रिटिशांविरुद्धचे अँग्लो-बोअर युद्ध आणि ऑरेंज फ्री स्टेट या बोअर प्रजासत्ताकाचे अध्यक्ष स्टेन. अशा प्रसंगी प्रेक्षकांना वीरगाथा हवी असते. इथे पडदा उघडताच एक वृद्ध स्त्री विचारते, ‘राष्ट्र म्हणजे काय?’ नाटकात निर्धाराने लढणारे आहेत, तसेच शस्त्र खाली ठेवणारे आणि शत्रूला जाऊन मिळणारेही आहेत. तेही याच राष्ट्राचे. पंतप्रधान फर्वूर्ट यांनी महोत्सवातील भाषणात, आपले लेखक शंका काढत बसण्याऐवजी आपल्या लोकांच्या कर्तृत्वाचे गुणगान का करीत नाहीत, अशा आशयाची टीका केली. रोख कोणाकडे आहे हे सर्वांना कळले. मोठा वाद झाला.

फर्वूर्ट यांना चीड आली यात नवल नाही, कारण लौ बाहेरचे विरोधक नव्हते. ते स्वतः कट्टर आफ्रिकानर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्या समाजाचे, राष्ट्रवादी होते. तिशीच्या दशकात त्यांना जर्मनीतील नाझी विचारांचेही काही काळ आकर्षण होते, आणि वंशांच्या ‘वेगळ्या विकासा’ची, म्हणजे वर्णभेदाच्या धोरणामागची, कल्पना त्यांनी सरळ फेटाळली नाही. हे झाकून त्यांचे मोठेपण सांगणे अप्रामाणिक ठरेल. पण ‘लोयाले फर्सेट’ म्हणजे निष्ठावंत विरोध, ही त्यांचीच कल्पना. बंड फसले तर बिघडत नाही, एक अख्खी पिढी निषेधाविना निघून गेली तर ते धोक्याचे, असे त्यांनी १९३९ मध्येच लिहिले होते. १९५० च्या दशकात एका निबंधात त्यांनी राष्ट्रावरची तीन संकटे सांगितली : बाहेरच्या सत्तेने चिरडणे, आपण टिकावे की नाही याविषयी आपल्याच लोकांना शंका येणे, आणि देशातल्या इतरांशी न्यायाने वागण्याची गरज नाही, नुसते टिकलो की पुरे, असे बहुतेकांना वाटू लागणे. न्याय सोडून मिळालेले अस्तित्व त्यांना नको होते. १९६० मध्ये एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिले की आफ्रिकान्स बोलणारे मिश्रवर्णीय लोक आपलेच आहेत. सरकार त्याच लोकांचे हक्क काढून घेत असताना हे लिहिले गेले.

१९७५ मध्ये पार्ल येथे आफ्रिकान्स भाषेचे स्मारक उभे राहिले. वास्तुकाराने त्याची रचना लौ आणि लांखनहोवन या दोन लेखकांच्या वचनांवर बेतली. आफ्रिकान्स हा युरोप आणि आफ्रिका यांना जोडणारा पूल आहे, असे लौ यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी, १६ जून १९७६ रोजी, शाळांत या भाषेची सक्ती केल्याच्या विरोधात जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतले विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. नंतरच्या वर्षांत वर्णभेदाला विरोध करणाऱ्या आफ्रिकानर विचारवंतांनी न्यायाविषयीच्या लौ यांच्या त्या निबंधाचा वारंवार आधार घेतला.